फर्डिनंडचा उपास

माणिकपूरच्या सत्यवतीबाईंच्या हॉटेलात दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. एक मटण, दुसरी ते शिजवणाऱ्या फर्डिनंडच्या शिव्या. मटण गिऱ्हाइकाला मिळायचं, शिव्या भटारखान्यातल्यांना. मीठ कमी पडलं की माणसाच्या सात पिढ्या निघायच्या, कांदा करपला तर झारा उडायचा. "मीही वस्तादाचा मार खाऊनच शिकलो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मारामुळे शिकला की मार खाऊनही शिकला, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

पूर्वी आचारी निमूट सोसायचे. पण दोन हजार साल उलटलं, विरारपर्यंत नवी हॉटेलं झाली आणि माणसं ऐकून घेईनात. भर दुपारी दोघांनी ॲप्रन खुंटीला लावले आणि चालू पडले. बाई म्हणाल्या, "फर्डिनंड, आता आणखी एक गेला, तर त्याच्यामागून तुम्ही."

भुईगावला घरी त्याने हे सगळं सांगितलं. बायको लिडिया म्हणाली, "उद्या राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतचा उपास सुरू. दरवर्षी उपासाला मटण सोडता, यंदा शिव्या सोडा."

मटण सोडणं सोपं होतं हो! पण भट्टीवरची नोकरी सुटायचं भय मोठं. शिवी ओठावर आली की फर्डिनंड वेलची तोंडात टाकायचा. हॉटेलची वेलची संपत आली.

हाताखालचा श्रीपत तर घाबरलाच. "काका, बरं हाय ना? पानी देऊ?"

"उपास आहे. ईस्टरपर्यंत शिव्या बंद."

हळूहळू भटारखान्यात गाणी सुरू झाली. चूक झाली की माणसं आपणहून सांगू लागली. फर्डिनंडला ते आवडू लागलं होतं, पण कबूल कोण करणार?

ईस्टरच्या आदल्या दिवशी बाई तणतणत आत आल्या. "सोमवारी लग्नाची ऑर्डर, आणि सगळ्यांना त्याच दिवशी रजा! एकाची बहीण बाळंत, श्रीपतची आजी तर दुसऱ्यांदा गेली!"

फर्डिनंडने श्रीपतला बाजूला घेतलं. "खरं सांग."

श्रीपत फडकं पिळत राहिला. "काका, उद्या तुमचा उपास सुटनार. एवढ्या दिवसांचं साठलेलं सोमवारी कोनावर पडंल, म्हनून..."

फर्डिनंडला आधी हसू आलं. मग वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ज्यांना आपण हाताखाली तयार केलं, ती माणसं आपल्या सणाला घाबरतात!

"सगळ्यांना सांग," तो म्हणाला, "ईस्टर येईल आणि जाईल. माझा उपास सुटायचा नाही."

सोमवारी सगळे हजर होते. घाईत श्रीपतच्या हातून कांदा करपला. गाणं थांबलं. फर्डिनंडने झारा उचलला आणि श्रीपतच्या हातात दिला.

"नवा कांदा घे, आच मी बघतो," तो म्हणाला. "आणि आजीला नमस्कार सांग."