स्लॅबचं जेवण

आर्किटेक्ट झाल्यापासून रोहिणी मगदूमनं एक व्रत सांभाळलं आहे: साइटवर कुणाच्या घोटभर चहालाही शिवायचं नाही. करारात मालक एका बाजूला, ठेकेदार दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचं वाजलं की निवाडा आर्किटेक्टनं द्यायचा. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, म्हणून हिचा डबा घरचा, पाणी घरचं, थर्मासही घरचा.

गोमटेशअण्णांच्या बंगल्यावर या व्रताचा कस लागला. अण्णा शिरोळकडचे जैन बागायतदार. त्यांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि कोल्हापुरात स्लॅब टाकला की कामगारांना मटण, ही रीत सिमेंटपेक्षा पक्की. स्लॅबच्या सकाळी ठेकेदार हंबीररावांनी साइटच्या कोपऱ्यात चूल मांडली. अण्णांनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. कामगारांनी मिक्सर बंद केला.

"वास्तुशांत व्हायच्या आधी माझ्या जागेत मटण?"

"अण्णा, रश्श्याचा वास आल्याबिगर पोरं घमेलं उचलत न्हाईत."

"रोहिणी, सांग ह्याला. तू आपल्यातली हाईस."

"व्हय की! मग निकाल कळलाच म्हणायचा," हंबीरराव हसले.

ते हसणं रोहिणीला झोंबलं. मटणाच्या विरुद्ध बोलावं तर लोक म्हणणार, हीही जैन, आपल्या माणसांची बाजू घेतली. मटणाच्या बाजूनं बोलावं तर म्हणणार, तसं दिसू नये म्हणून बोलली. आज शब्द घसरला, तर या साइटवर पुन्हा तिचं कोण ऐकणार?

"माणसांकडनं काम कसं करून घ्यायचं, त्यांना काय खाऊ घालायचं, ते हंबीरराव बघतील. त्यात अण्णांनी पडायचं नाही," ती म्हणाली. "पण जागा अण्णांची. इथं काय शिजायचं ते अण्णा ठरवतील. मटण संध्याकाळी हंबीररावांच्या दारात. दुपारी इथं अण्णांची पुरणपोळी. आणि मिक्सर आत्ता."

"दोन-दोन जेवणं?" मागून कुणीतरी ओरडलं. "चला रं, उचला घमेली!"

"आपली असून..." अण्णा पुटपुटले.

"लई कडक बाई," हंबीरराव म्हणाले.

काम सुरू झाल्यापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

दुपारी अण्णांनी पोळीचं ताट पुढं केलं. हंबीरराव संध्याकाळी तिच्यासाठी वेगळी आमटी करतो म्हणाले. रोहिणीनं दोघांनाही हात जोडले आणि विटांच्या थप्पीवर बसून आपला डबा उघडला. शेजारी घमेली वाहणारी आक्का बसली होती. तिनं न विचारता आपल्या फडक्यातला मिरचीचा खर्डा रोहिणीच्या भाकरीवर ठेवला.

"घ्या वो बाई. कोरडंच खातायसा."

रोहिणी थबकली. करारावर सह्या मालकाच्या आणि ठेकेदाराच्या होत्या. आक्काची नव्हती.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला.