वास फक्त मलाच येतो

गाडी जुनी झाली की पार्ट गळतात आणि किस्से साठतात. आमच्या तेलीबांध्याच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघालो की कुणीतरी विचारतंच, “काय सर, आज आला का वास?” वास म्हणजे माझ्या गाडीतल्या पेट्रोलचा. तो फक्त मलाच यायचा!

*

आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. तरी बायको “अहो, मला तर काही येत नाही,” म्हणाली की मी स्वतःच्याच नाकावर शंका घ्यायचो. त्यात पुण्याहून मुलाचा फोन. “बाबा, गाडीत काही निघालं नाही, तर तुम्हीच डॉक्टरकडे जा. आणि किल्ली आईकडे द्या.”

झालं! गळती गाडीत सापडली नाही, तर ती माझ्या डोक्यात आहे, असं ठरल्यात जमा.

*

शेजारचे बोकडे रेल्वेतून रिटायर झालेले. साक्षीदार म्हणून त्यांना गाडीत बसवलं, काचा बंद केल्या. त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

“काहून घाबरून राहिले सर? मले तर फक्त खर्र्याचा वास येऊन राहिला!”

तंबाखू-सुपारीचा तो खर्रा त्यांच्याच तोंडात होता.

*

नवं राज्य होऊन आमचं शहर राजधानी झाल्यापासून आमच्या रस्त्यावर काचेच्या शोरूम आल्या, पण जुनी गाडी दाखवायची तर जा भनपुरीच्या गॅरेजात! मी निरीक्षण करून ठेवलं होतं. टाकी फुल केली की वास येतो, थोडं पेट्रोल जळलं की जातो. म्हणजे पेट्रोल टाकीत उतरतं तो रबरी पाइप वरच्या बाजूला चिरलेला असावा. मेकॅनिकलाही “असावा” असंच म्हणालो. चुकलं तर?

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “हव साहब. तो फुल मत कराया करो!”

*

पुढच्या खेपेला मुद्दाम फुल करून नेली. तो गाडीखाली शिरला आणि ओरडला, “मिल गया!” मला तर भरून आलं. चीर होती! मी वेडा नव्हतो!

त्यानं अंगाचा साबण ओला केला आणि चिरेवर घासला. “एकदम पक्का, साहब.”

घरी बायको गाडीत बसली. “आता येतोय हं वास. मोगऱ्याचा!”

*

शेवटी हट्टानं पाइपच बदलायला लावला. दसऱ्याच्या सकाळी मेकॅनिक स्वतः गाडी घेऊन आला. “सौ टका ठीक. टंकी फुल है, देख लो.”

मी वाकून हुंगलं. पुसटसा वास आला. की भास झाला? बोललो, तर किल्ली गेली. मुलाचा फोन दुपारी येणार होता.

गाडीला झेंडूचा हार चढला. बायको पेटलेलं निरांजन घेऊन आली. बोकडे हजरच होते.

“कुणाला वास येतोय का?” मी विचारलं.

“छे! बिलकुल नाही!” बोकडे म्हणाले. बायकोनंही नकारार्थी मान हलवली. मेकॅनिक नुसता हसला.

“मग ओवाळा.”

मेकॅनिक दोन पावलं मागे सरकला. “माताजी, थोड़ा दूर से कर लो ना.”

“मी फोटो काढतो,” म्हणत बोकडे रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

बायको टाकीच्या झाकणाजवळ जाता जाता थबकली. निरांजनाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग वळून ताट माझ्या हातात दिलं.

“अहो, तुम्हीच ओवाळा. तुम्हाला वास कळतो.”