कुंडीभोवतीची तांब्याची पट्टी

साताऱ्यातल्या आमच्या घरामागे आठ कुंड्या आहेत. त्या पत्नीने लावलेल्या. सात कुंड्यांतली रोपे रोपवाटिकेतून आलेली. आठवीत पांढरी शेवंती आहे. तिचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पिल्ले, पत्नीने कवठे महांकाळहून, माहेरच्या परसातून आणले होते. पुढे ते घर विकले गेले आणि परसावर फरशी पडली. त्यामुळे ती शेवंती आता या एका कुंडीतच उरली आहे.

पत्नी हिवाळ्यात बरेच दिवस दवाखान्यात होती. फेब्रुवारीत ती गेली. मार्चमध्ये मी घर आवरायला काढले, तेव्हा प्रत्येक कुंडीला एक काळपट पट्टी गुंडाळलेली दिसली. तडकलेल्या कुंड्या बांधून ठेवल्या असाव्यात, असे मी धरून चाललो. पकडीने पट्ट्या काढल्या आणि जुन्या नळांबरोबर भंगारवाल्याला दिल्या. एकही कुंडी तडकलेली नव्हती. बातमी तपासल्याशिवाय पानात जाऊ देऊ नये, हे मी वर्तमानपत्राच्या कचेरीत नव्या मुलांना अनेक वर्षे सांगत आलो होतो.

जुलैमध्ये शेवंतीची पाने कुरतडलेली दिसू लागली. कुंडीच्या काठावर सकाळी चकचकीत, वाळलेल्या रेघा असत. चार दिवसांत आठ फुटव्यांचे तीन झाले. पाचव्या दिवशी कुंडीमागे मुठीएवढी शंखी गोगलगाय सापडली.

शेजारी निवृत्त सुभेदार राहतात. ते कुंपणाच्या भिंतीवर हात टेकून बघत होते.

"पट्ट्या कुठं गेल्या वो, साहेब?"

"कसल्या?"

"तांब्याच्या. अर्थिंगची पट्टी हुती ती. वैनींनी सांगितलं म्हणून मीच बाजारातनं आणून दिलीती. गोगलगाय तांब्यावरनं जात न्हाई म्हणायच्या."

भंगारात दिल्याचे मी सांगितले.

"बॉर्डर उघडी टाकलीसा," ते म्हणाले. "मग घुसणारच की."

"हे तिला कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्याच पेपरात आलतं, म्हणत हुत्या."

मला आठवत नव्हते. आले असणार. रकान्याच्या तळाशी चार ओळींची जागा उरली की असा मजकूर टाकत असू. शेतीचे पान बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्या चार ओळी खऱ्या की खोट्या, हे मी कधी पाहिले नव्हते.

त्याच दिवशी नवी पट्टी आणून शेवंतीच्या कुंडीला बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन फुटव्यांचा एकच राहिला होता. सुभेदारांनी भिंत ओलांडून येऊन काडीने माती उकरली. आत बोटभर खाली दोन गोगलगाई होत्या.

"शत्रू आत ठेवून गेट लावलंसा, साहेब."

"तिच्या वेळी आत कशा जात नव्हत्या?"

"जात असतील की. पण वैनी दर गुरुवारी पट्ट्या चिंचेनं घासायच्या. कुंडी उचलायच्या, खाली बघायच्या, माती हलवायच्या. मिळंल ती गोगलगाय मिठाच्या पाण्यात. लय वेळ चालायचं त्यांचं."

गुरुवारी सकाळी मागच्या दारी घासण्याचा आवाज येत असे. देवघरातली भांडी असतील, असे मी समजत होतो. त्या वेळी मी पुढच्या खोलीत टेबलावर पेपर वाचत बसलेला असे. मधे दोन दारे होती आणि ती उघडी असत.

पुढच्या गुरुवारपासून मी चिंच भिजत घालू लागलो. आठही कुंड्यांना पट्ट्या बसवल्या. आठवड्यात त्या काळवंडतात. घासल्यावर पहिले दोन दिवस लखलखीत राहतात. पट्टीपाशी येऊन मागे वळलेली गोगलगाय मी एकदा पाहिली. सावकाश पट्टी ओलांडणारीही एकदा पाहिली. त्यामुळे त्या चार ओळी आजही मला खात्रीने छापता येणार नाहीत. कुंड्यांखाली मात्र दर गुरुवारी दोन-तीन सापडत. त्या चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकत होतो. या कामाला दीड तास लागतो. दीड तासात कुणाशी बोलणे होत नाही.

उरलेला फुटवा टिकला. सप्टेंबरमध्ये त्याच्या बुडाशी आणखी दोन आले. नोव्हेंबरच्या शेवटी पहिले फूल उमलले. ते तोडावे की ठेवावे, हे मला ठरवता येईना. भिंतीपलीकडे सुभेदार पेपर वाचत होते. त्यांना विचारले.

"पहिल्या फुलाचं ती काय करायची?"

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या टेबलावर ठेवायच्या न्हवं का, वाटीत पाणी घालून. बघत न्हाईत, पण ठेवते, म्हणायच्या."

टेबलावर एक काचेची वाटी असे, ती आठवते. पेपर पसरताना मी ती बाजूला सरकवत असे. तिच्यात काय होते, ते आठवत नाही.

वाटी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर सापडली. धुतली, पाणी घातले, फूल ठेवले. त्या दिवशी पेपर खुर्चीत बसून, मांडीवर घेऊन वाचला.