हडळीला ‘का बरं?’ विचारणारी बाई मी नव्हेच!

गेल्या रविवारी दुपारी अकोल्याच्या थिएटरात, सिनेमा चालू असताना, मी उभी राहून ओरडले. वय वर्षं एकसष्ट... आणि मला अजिबात लाज वाटत नाहीये.

काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या निलेशने मित्रांना घेऊन भुताचा एक विनोदी सिनेमा काढला होता. भीतीच्या हिंदी सिनेमांची टर उडवणारा. शूटिंग भातकुलीला आमच्या नात्यातल्या घरात, आणि म्हातारीच्या कामाला कोणी मिळेना म्हणून मी!

सीन एवढाच. दार करकरतं, म्हातारी उठून बिजागरीत तेल घालते. दारात पांढऱ्या लुगड्यातली हडळ. ती म्हणते, “तुहा जीव घ्यायले आली मी!” म्हातारी आमच्या वऱ्हाडीत ‘का’ विचारते, “काहून?”

बस. हडळीकडे उत्तरच नाही. ती विचारात पडते, मग ओट्यावर बसून रडत रडत सासरचं सगळं सांगते आणि मी चहा ठेवते... लोक हसून लोळले. तेव्हापासून अमरावतीत भाजी घ्यायला गेले तरी मी ‘काहूनवाल्या काकू’.

दुसऱ्या भागात हडळीचं लग्न लागलं. तो बरा होता. तिसऱ्यात दोन हडळी, एक मांत्रिक आणि मध्येच दुबईचं गाणं... भुतांना व्हिसा कोणी दिला देव जाणे. प्रेक्षक हसावेत म्हणून मागून हसण्याचा आवाजही टाकला होता. तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं.

आता हा चौथा. मोठा निर्माता, मोठा कॅमेरा, हडळ कॉम्प्युटरवरची. नांदगाव पेठेच्या एका रिकाम्या गोदामात माझं चार दिवस शूटिंग झालं. समोर हडळ नाहीच, काठीला बांधलेला टेनिसचा बॉल. त्या बॉललाही मी मनापासून “काहून?” विचारलं. निलेश म्हणाला, डबिंगला बोलावतो. फोन काही आला नाही आणि मीही विसरले.

तर रविवारी मी आणि माझी धाकटी जाऊ शोभा एसटीने अकोल्याला गेलो. थिएटर खच्चून भरलेलं. पण पहिला तास... काय सांगू! पादण्याचे पाच विनोद. हडळ चार वेळा घसरून पडते. जुनेच डायलॉग परत, तेही शिळ्या भाकरीसारखे. लोक मोबाइल काढून बसले.

मग माझा सीन आला. हडळ गरजली, “मी तुझे प्राण घ्यायला आले आहे!” पडद्यावर माझे ओठ हलले... आणि आवाज आला कुण्या भलत्याच बाईचा. गोड, घासूनपुसून लख्ख केलेला. “का बरं?”

एकही माणूस हसला नाही. शोभा माझ्याकडे वाकून म्हणाली, “ताई, तुमचा आवाज असा काहून येऊन रायला वो? सर्दी झालती काय?”

खरं सांगते, मला रडू आलं. चेहरा माझा, सुरकुत्या माझ्या आणि तोंडात दुसरीची जीभ. मला एका शब्दाने न विचारता. हडळ परत तेच गरजली, आणि माझ्या रडण्याचा राग कधी झाला मलाच कळलं नाही. मी उभी राहिले आणि सगळा जोर लावून ओरडले, “काहून? म्या काय केलं तुहं?”

मागून कोणीतरी ओरडलं, “अबे, काकू इथंच हायेत!” आणि थिएटरात हशा फुटला. तासाभरात पहिल्यांदा.

त्यानंतर पडद्यावर कोणी तोंड उघडायची सोयच राहिली नाही. हडळ म्हणाली, मी सूड घेईन. अख्खं थिएटर, “काहून?” हीरो म्हणाला, माझं तुझ्यावर प्रेम आहे. “काहून?” शेवटी पाटी आली... ‘भाग पाच लवकरच’. तेव्हाचा “काहून?” तर बाहेर रस्त्यावरही ऐकू गेला असेल.

बाहेर निलेश भेटला. चेहरा पडलेला. म्हणाला, “काकू, तिकडच्या लोकाईले आपली भाषा समजत नाही ना...”

मी म्हटलं, “हडळीले समजली होती ना बापा? मंग मानसाईले काहून नाही समजनार?” पाचवा भाग काढायचा तर काढ, पण माझं तोंड हवं असेल तर आवाजासकट घे, हे मी त्याला तिथेच सांगून टाकलं. ते इथेही लिहून ठेवते, म्हणजे चारचौघांत राहील.

पण परतीच्या एसटीत शोभा झोपली आणि मी जागीच राहिले. कारण एक गोष्ट मला टोचत होती...

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. वहीत ‘मले’ दिसलं की लाल पेन, ‘काहून’ दिसलं की लाल पेन. परीक्षेसाठी ते करावंच लागतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुलं उभी राहून घरची एखादी गंमत सांगत असायची, तेव्हाही मी मध्येच अडवायची. “मले नाही, मला म्हण.” मूल म्हणायचं ‘मला’... आणि गंमत तिथेच संपायची. खाली बसायचं गुपचूप. थिएटरात ‘का बरं’नंतर जी शांतता पसरली ना, ती मी माझ्या वर्गात कितीदा तरी ऐकली आहे. तेव्हा मला ती शिस्त वाटायची.

माझे बरेच विद्यार्थी इथे आहेत. पोरांनो, चुकलंच माझं. तेव्हा अर्धी राहिलेली गोष्ट आठवत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, घरी बोलता तशीच लिहा... मी शेवटपर्यंत वाचेन, मध्ये एकदाही अडवणार नाही.