फुगडीचा हात

चौथीत असताना माझ्या उजव्या हातावर सात चामखिळी होत्या. त्या कधी उगवल्या, आठवत नाही. कोल्हापूरचा तो श्रावणच सगळा पाण्याखालून पाहिल्यासारखा हलतो. एवढं मात्र पक्कं आठवतं, की पंचमीच्या फुगड्या आठ दिवसांवर आल्या होत्या आणि गल्लीतली एकही पोर माझा हात धरायला तयार नव्हती. त्यांच्या आयांनी बजावलं होतं. मला त्या सगळ्या आयांचा भयंकर राग आला होता.

डॉक्टरांनी भिंगातून हात पाहिला. "संसर्ग आहे, हिचा टॉवेल वेगळा ठेवा. ॲसिड लावू, नाहीतर जाळू. काहीच केलं नाही तरी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात."

वर्ष-दोन वर्षं! वडिलांनी लावायला ॲसिडची बाटली आणली. आईचा विश्वास घोड्याच्या केसावर. चामखिळीला करकचून बांधला की ती वाळून गळते म्हणे. आम्ही टांगा स्टँडवर गेलो.

"माझं घोडं टकलं करतायसा व्हय?" म्हणत टांगेवाल्यानं शेपटीचे दोन लांब केस कापून दिले. दुपारी आई गाठी मारत बसायची. मी तिच्या मांडीवर पेंगायची, आणि त्या गुंगीत मी रोज फुगडी खेळायची. समोरचीला चेहरा नसायचा, नुसते हात असायचे.

पंचमीपर्यंत एकच चामखीळ गळली. मी हात पाठीमागे धरून कट्ट्यावर बसले होते. शेजारच्या घरातली माझ्याच वर्गातली मुलगी समोर येऊन उभी राहिली.

"चल की."

"तुलापण होतील."

"हुंदेत. मी न्हाय भीत."

तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. घरं फिरली, आभाळ फिरलं, तिच्या वेण्या उडाल्या. इतकी हलकी मी पुन्हा कधी झाले नाही.

दिवाळीपर्यंत माझा हात स्वच्छ झाला. ॲसिडनं की केसानं, यावरून आईवडील पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी ती शेजारची मुलगी आली आणि तिनं हळूच मूठ उघडली. तळव्यावर तीन चामखिळी होत्या.

"आईला सांगू नगंस. तुझ्यासंगं खेळू द्यायची न्हाय."

उरलेला केस मी भूगोलाच्या वहीत जपून ठेवला होता. तो काढला, पण डोळे भरून आले आणि गाठ काही बसेना.