नदीपर्यंतची दोरी

पाटबंधारे कचेरीत माझ्या टेबलावर नदीतून पाणी उपसण्याचे परवाने येतात. काल रोपवाटिकेच्या मावशी आल्या त्या ओल्या दोरीचं वेटोळं घेऊनच. एक टोक त्यांनी माझ्या टेबलाच्या पायाला बांधलं आणि दोरी सोडत व्हरांडा ओलांडून थेट फाटकापर्यंत गेल्या. मग परत आल्या.

"सकाळीच मोजलं, ताई. पंपापासून नदी एवढी लांब गेलीय. पंप तेवढा पुढे नेऊ द्या, रोपं माना टाकायला लागलीत."

परवाना ठरलेल्या जागेचा असतो. जागा बदलली की नवा अर्ज, नवी पाहणी. मी तेच सांगितलं.

"पण जागा मी कुठं बदलली? नदीनं बदलली."

नदीसाठी अर्जात रकाना नाही. वाहत्या पाण्यानं एका जागी थांबावं असं आपण कागदावर लिहितो आणि ते थांबलं नाही की माणसाला थांबवतो. हे मला कळतं, पण माझ्या हातात फक्त आवक-जावकचा शिक्का आहे. मी कोरा अर्ज पुढे केला. त्यांनी तो भरून दिला तोवर फरशीवरची दोरीची ओल वाळून गेली होती.