उशिराची चुटकी

ती चुटकी वाजवायची, आणि तीही नेमकी चुकीच्या ठिकाणी. मारुतीच्या देवळात भजन रंगात आलं की सगळ्यांची टाळी एकदम पडायची. ती पडून गेली की मागच्या खांबाकडून हिची चुटकी यायची. कोणी वळून पाहिलंच, तर जरासुद्धा न ओशाळता म्हणायची, "घाई कोनाला हाय?"

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, की ज्याच्याबद्दल सगळ्या गावाचं एकमत असतं आणि नेमकं तेच चुकीचं निघतं. आमच्या शेणव्याचं एकमत असं होतं, की या बाईला ताल नाही. ते घडवण्यात माझा वाटा मोठा होता. मी शाळेत मास्तर आणि भजनी मंडळाचा मृदंग माझ्या मांडीवर. पंचक्रोशीत माझ्या हाताचं नाव होतं. निदान मी स्वतः ते बऱ्याच जणांना सांगितलं होतं.

ती आली लढाईच्या दिवसांत. मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली आणि घरोघरी मुंबईचे पाहुणे येऊन उतरले. आसनगाव स्टेशनावरून ती बैलगाडीने आली. पुढे पत्र्याची ट्रंक, मागे ती, आणि उंच टाचांचे बूट हातात. गाडीतून उतरून अनवाणीच आईच्या अंगणात गेली. गावाने आधी बूट पाहिले, मग तिला.

ती मूळची इथलीच. लहानपणी तानशाला धरणावरच्या साहेबाच्या बंगल्यात मूल सांभाळायला होती. मडमेकडे ग्रामोफोन होता आणि त्याला चावी देण्याचं काम हिच्याकडे. चावी देता देता सगळ्या तबकड्या पाठ झाल्या. साहेबाची मुंबईला बदली झाली, तशी तीही गेली. पुढे साहेब विलायतेला गेला आणि ही एका मोठ्या हॉटेलात टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. तिथे नाचाचा हॉल होता आणि गोव्याच्या लोकांचा बँड. एका दुपारी तालीम चालली होती. गाणाऱ्या बाईचा घसा बसला होता. दाराआड घड्या घालता घालता हिने गाण्यातली मोकळी जागा भरून काढली. बँडमास्तरने दार उघडलं.

"मंग काय केलंस गो?" आमच्याकडच्या बायका हटकून विचारत.

"हातातली घडी पुरी केली. मंग स्टेजवर चढले."

त्या गाण्याला जॅझ म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. कित्येक वर्षं ती ते गायली. बाहेरच्या पाटीवर नाव भलतंच असायचं, एका मडमेचं. "नाव त्यांचं, गळा माझा," ती म्हणे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून गाणी बाळबोधीत लिहून ठेवलेली वही होती. मी विचारलं, अर्थ कळायचा का? म्हणाली, "नंतर कोनीतरी सांगायचा. तवर ऐकणारी मानसं रडून घरी गेलेली असायची." लग्न का नाही केलंस, या प्रश्नालाही उत्तर तयार होतं. "बँडात आठ बाप्ये. एकाला हो म्हटलं असतं, तर सात बेसूर झाले असते." यावर म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच विचारायला येत.

आता तिच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आई होती धवलारीण. आमच्याकडे लग्न लागतं ते भटाच्या मंत्रांइतकंच धवलारणीच्या गाण्याने. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो. त्यात कुळाच्या देवांना एकेक करून नावाने बोलवायचं, आणि तो मध्ये तुटायचा नाही. तुटला तर अपशकुन. धवलारीण ओळ सोडते आणि शेजारची बाई ती झेलते, पण झेलणारीला पुढचं येत नसतं. शेणव्यापासून मुरबाडपर्यंत सबंध धवला पाठ असलेली ही म्हातारी एकटीच उरली होती. आणि तिला दमा होता.

मुलीला सगळा धवला येत होता. आईच्या मांडीवरच ऐकलेला. पण म्हातारीने तिला स्वच्छ बजावलं होतं, "ज्या तोंडानं परक्यांना नाचवलंस, त्या तोंडानं देव बोलवायचे नाय."

मी एकदा म्हटलं, "येतं तर म्हणून टाका ना बाई. कोण अडवणार आहे?"

"येतं त्याला काय करू, मास्तर? तिनं 'म्हण' म्हटलं पायजे." एवढं एकच वाक्य ती न हसता बोलली. हॉटेलातल्या टाळ्या गेल्या त्याचं तिला काही नव्हतं. आईच्या तोंडून तो एक शब्द हवा होता, आणि म्हातारीचा दम दर महिन्याला आखूड होत चालला होता.

अशा बाईला मी एका एकादशीला भर देवळात थांबवलं. मृदंगावर थाप देऊन म्हणालो, "बाई, तुमचा ताल चुकतोय. चुटकी तरी नका वाजवू." लोक हसले. तीही हसली आणि म्हणाली, "मास्तर, तुमी पाय टेकता तिथं मी उचलते. चाल एकच हाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या ओट्यावर हजर. "मृदंग काढा. मी काय पन केलं तरी तुमी थांबायचं नाय." मी साधा ठेका धरला. ती एक इंग्रजी गाणं म्हणू लागली. शब्द माझ्या थापेच्या मागून यायचा, इतक्या मागून की मला वाटायचं, आता ही पडणार. पडायची नाही. रमतगमत यायची आणि समेला माझ्या आधी येऊन बसलेली असायची. दोनदा माझा हात घसरला. तिचा एकदाही नाही. जन्मभर ज्या जागेला मी 'खाली' म्हणून, थाप न देता, सोडून देत होतो, तिथे ती घर करून राहत होती. मला माझी लाज वाटली, आणि आनंदही इतका झाला की अंधार पडेपर्यंत मी तिला उठू दिलं नाही. पुढच्या भजनाला माझी चूक मी सगळ्यांसमोर कबूल केली. मंडळाला ते पटलं नाही, पण मृदंग माझा होता.

माघात, म्हशाची जत्रा संपल्यावर, माझ्या भाचीचं लग्न निघालं. बहीण दिलेली म्हशाजवळच्या वाडीत. धवल्याला अर्थात म्हातारी. दोघी मायलेकी आणि मी एकाच गाडीतून गेलो. वाटेत म्हातारी तीनदा खोकली आणि तीनदा म्हणाली, "मला काय झालं नाय."

सकाळी मांडवात हळद सुरू झाली. भाची पाटावर, म्हातारी तिच्या उजव्या हाताला. आवाज बारीक झाला होता, पण वळण पक्कं. देवांची नावं सुरू झाली. गावदेव झाला, डोंगरावरची आई झाली, आणि पुढच्या नावाला म्हातारीचा श्वास अडकला. तोंड उघडं, पण आवाज नाही. झेलणारी बाई तिच्या तोंडाकडे बघत बसली. बहिणीने हळदीची वाटी खाली ठेवली.

तेवढ्यात बायकांच्या मागून चुटकी वाजली. उशिराची.

तिने देवाचं नाव घेतलं, आईच्याच वळणाने, खालच्या पट्टीत. पण ओळ पुरी केली नाही. अर्ध्यावर सोडून थांबली. तेवढ्या थांबण्यात म्हातारीने श्वास घेतला आणि उरलेली ओळ तिच्या तोंडून आपोआप आली. पुन्हा चुटकी. पुन्हा अर्धी ओळ, पुन्हा जागा. त्या जागेत म्हातारी दम घ्यायची आणि ओळ पुरी करायची. मी ठेका धरणारा माणूस, मला कळत होतं काय चाललंय ते. जे तिने त्या हॉलमध्ये परक्यांसाठी केलं होतं, तेच ती इथे आईच्या छातीसाठी करत होती. एकही देव सुटला नाही.

शेवटची ओळ झाली तेव्हा म्हातारी मागे वळली. सगळा मांडव ऐकत होता.

"उशीर करतेस तू."

"तुला दम खायला, आये."

म्हातारीने तिला नीट पाहून घेतलं, जणू गाडीतून उतरली तेव्हा पाहायचं राहून गेलं होतं. मग पाटाशेजारची आपली जागा हाताने झाडली आणि थोडी सरकली. "इथं बस. तेलाचा धवला हाय आता. म्हण."

ती बसली. पदर सारखा केला, चुटकी वाजवली आणि पहिली ओळ सोडली. झेलणारी बाई मध्येच पुटपुटली, काकी, हे लई सावकाश चाललंय. म्हातारी तिच्यावर डाफरली, "घाई कोनाला हाय?"

पुढे बँडमास्तरचं पत्र आलं. मुंबईत गोऱ्या सोल्जरांची गर्दी झाली आहे, ये. इंग्रजीतलं ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. म्हातारी चुलीपाशी होती. म्हणाली, "जा की. माघात ये म्हंजे झालं." त्यानंतर तीन माघ ती न चुकता आली. बूट हातात, ट्रंक पुढे. एका पाटाशेजारी दोघी गायच्या. चौथ्या वर्षी म्हातारी नव्हती, तेव्हा एकटीने गायली आणि पंचक्रोशीतल्या चार सुनांना धवला शिकवून गेली. साहेब लोक निघून गेले तसा बँडही मुंबईतून हलला, कोणी म्हणे कोलंबोला. ती गेली ती गेलीच. मला तिचं पत्र आलं नाही. तिला येत होतं ते सगळं ती इथे ठेवून गेली होती, मग लिहिणार काय?

परवा मुरबाडला एका लग्नाला गेलो होतो. धवला म्हणणारी तरुण पोर होती. तिने ना म्हातारीला पाहिलं, ना हिला. ओळ अर्ध्यावर आणून ती थांबली, चुटकी वाजवली आणि मग पुढे गेली. मी विचारलं, "मध्ये थांबतेस का गो?"

"असंच म्हनतात, मास्तर. तिथं थांबायचं असतं."

तिची छाती धडधाकट होती. दम्याचं कोणी नव्हतं त्या मांडवात. तरी प्रत्येक ओळीत म्हातारीला श्वास घ्यायला जागा ठेवलेली होती.